भाऱ्याला काटा नसतो

माझ्या आजीला हातात धरलेल्या वस्तूचं वजन बिनचूक सांगता यायचं. कामशेतच्या बाजारात वाणी पुडी बांधत असतानाच ती म्हणायची, "छटाकभर कमी हाय बाबा," आणि वाणी काही न बोलता मूठभर शेंगदाणे वर टाकायचा. जन्मभर डोक्यावरून भाताचे भारे वाहिलेस, तर एका भाऱ्याचं वजन किती भरत असेल, असं मी एकदा विचारलं तेव्हा मात्र तिला हसू आवरेना. "भाऱ्याला कुठं काटा असतो का गं? उचालला म्हंजी उचालला."

तिचं सासर पवन मावळात. खाचरं खाली ओढ्यालगत, खळं वर वस्तीपाशी, मधे उभा चढ. भात कापून पडलं की बाया पहाटेच निघायच्या. जुन्या लुगड्याच्या चिंधीची चुंबळ वळून टाळूवर बसवायची आणि दुसरीनं हात लावून भारा चढवून द्यायचा. मधे दम खायची सोय नाही, कारण एकदा खाली टेकवलेला भारा पुन्हा चढवायला कुणीतरी लागतं आणि ते कुणीतरी स्वतःच्या भाऱ्याखाली असतं. आजीच्या टाळूवर, बरोबर चुंबळीच्या जागी, केस कायमचे विरळ झाले होते. रात्री तिच्या डोक्याला तेल लावताना ती जागा माझ्या बोटांना लागायची. चांगली पुरीएवढी, गुळगुळीत.

बाईच्या अंगातल्या ताकदीबद्दल मावळात कुणाला कधी शंका आली नाही. शंका यायची ती त्या ताकदीतून कुणाचं काम निघत नसेल तेव्हा. भारा घेऊन चढ चढणारी सून गुणाची. तीच सून रिकाम्या हातानं, उगाच, कोण आधी पोचतंय म्हणून त्याच चढावर पळाली असती, तर संध्याकाळपर्यंत तिच्या माहेरी निरोप गेला असता. शाळेत आम्ही तळेगावच्या उमाबाई दाभाड्यांवर निबंध लिहायचो. १७३१ साली डभोईच्या लढाईत मुलगा त्रिंबकराव पडला आणि त्यानंतर सेनापती घराण्याची सूत्रं या बाईनं हातात घेतली, फौज घेऊन गुजरातेत उतरली. निबंधाला गुण चांगले मिळायचे. उमाबाईंचंही ते कामच होतं, खेळ नव्हता.

आजोबांना कुस्तीचं वेड. चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की त्यांचे पाय घरात ठरत नसत. आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग ऊन कलता कलता पैशांच्या, आणि शेवटची मानाची. बायकांनी लांबून, देवळाच्या ओट्यावरून बघायचं. जवळ आलं तर आखाडा बाटतो. आजोबांची हमीदा बानूची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की ती आमच्याच भावकीतली कुणी असावी असं लहानपणी वाटायचं. ही बाई उत्तर प्रदेशातली. १९५४ साली तिनं जाहीर करून टाकलं होतं की जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. बडोद्यात बाबा पहिलवानाला तिनं एक मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी तिची कुस्ती ठरली, म्हणून आजोबा आणि त्यांच्या तालमीतले दोघंतिघं पैसे गाठीला बांधून तयार झाले. पण पुण्यातल्या कुस्तीच्या संघटनेनं हरकत घेतली आणि कुस्ती रद्द झाली.

"बघायला मिळाली असती तर काय झालं असतं?" मी विचारायची.

"तिनं मारली असती," आजोबा म्हणायचे, आणि मग थोडं थांबून, "म्हणून तर रद्द केली."

कोल्हापुरात तिची कुस्ती झाली. तिनं पुरुष पहिलवानाला पाडलं, तर लोकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलिसांना मधे पडावं लागलं. या भागाशी आजोबा आले की चुलीपुढून आजीचा आवाज यायचा, "आन् हारली आसती तर मारलं आसतं का दगूड?" आजोबांकडे याला उत्तर नसायचं. हमीदाबाईंनी पुढे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. बाई म्हणून आम्ही बंदी घातलेली नाही, कुस्त्या ठरवून, लुटुपुटीच्या लावल्या जातात अशा तक्रारी आहेत म्हणून घातली आहे, असं त्यांना उत्तर मिळालं. असेलही. पण आखाड्यातल्या ठरवाठरवीचं गाऱ्हाणं काय त्या वर्षी पहिल्यांदा ऐकू आलं होतं? महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. बायकांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा भरली ती मार्च २०२३ मध्ये, सांगलीला, आणि प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. मधल्या ६२ वर्षांत माझे आजोबा गेले, आजीही गेली.

आत्या मात्र आहे, आणि तिची जीभही आहे.

आत्या शाळेत गेली ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, रुळाकाठच्या एका शाळेत. तेव्हा आजच्यासारखी लोकल नव्हती, ती १९७८ साली आली. शटल गाडी होती, आणि ती चुकली की रुळाच्या कडेनं चालत यायचं. मुली आठवीपासून साडीत. हुतुतूचा संघ करायचा ठरला तेव्हा मुलींनी गोल साडीचाच काष्टा मारला, पदर कमरेला खोचला आणि वर घातला घरून आणलेला भावाचा शर्ट. आत्याच्या अंगात माझ्या वडिलांचा शर्ट असायचा. पकडीत त्याची बटणं तुटायची आणि वडील सकाळी कामावर जाताना ओरडायचे. आत्या म्हणते, "तुझ्या बापाचा एक शर्ट पाच बटणांचा राहिला नाही. पण त्यानं शर्ट लपवला असंही नाही कधी."

तालुक्याला त्या जिंकल्या. आता जिल्ह्याला पुण्याला जायचं. आणि पुण्याला जायचं तर मुलींबरोबर बाई हवी. शाळेत बाई दोनच. एकीचं मूल तान्हं, दुसरीच्या घरून रात्री बाहेर राहायला नकार. खेळाच्या सरांनी एकट्यानं मुलींना न्यायचं, हे त्या काळात कुणी बोलूनसुद्धा दाखवलं नाही. संघ गेलाच नाही. मुलांचा संघ तालुक्याला दुसऱ्याच फेरीत गळपटला होता, त्यांना मात्र त्या वर्षी नवीन बनियन मिळाले, क्रमांक छापलेले. एवढ्या वर्षांनी आत्याला राग येतो तो जिल्ह्याला न गेल्याचा नाही, त्या बनियनचा. पुन्हा पुन्हा सांगते, "निळे होते गं. पाठीवर पांढरा आकडा."

मला वाटतं, संधी नाकारली जाते म्हणजे काय होतं ते या गोष्टीत पुरतं येतं. आत्याला "तू खेळू नको" असं कुणी म्हणालं नव्हतं. तालुक्याची ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत लावली गेली, प्रार्थनेनंतर टाळ्याही वाजल्या. फक्त सोबत जायला बाई नव्हती, आणि बाई असावी ही जबाबदारी कुणाचीच नव्हती.

त्याच सुमाराला, एप्रिल १९७३ मध्ये, शटलनं दोन तासांच्या आत गाठता येईल अशा पुण्यात बायकांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा झाली. संघ तीनच: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. महिला क्रिकेट संघटनेची नोंदणीही त्याच वर्षातली, आणि पुढे कऱ्हाडच्या प्रेमलाताई चव्हाण तिच्या अध्यक्ष झाल्या. १९७५ साली ऑस्ट्रेलियाच्या मुली खेळायला आल्या तेव्हा तीन सामन्यांतला एक पुण्यातच झाला. आत्याला यातलं काहीही कळलं नव्हतं. मी अलीकडे सांगितलं तर म्हणाली, "आमच्या शाळेत पेपर यायचा. तो सरांच्या खोलीत असायचा." २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री घाटाखाली नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघानं विश्वचषक जिंकला तेव्हा आत्या टीव्हीसमोरून उठली नाही. तीन संघांपासून इथवर यायला ५२ वर्षं लागली, असं मी म्हणाले, तर मला गप्प बसवलं. शेवटची विकेट पुन्हा दाखवत होते.

कबड्डीच्या नियमांचं पुस्तक आत्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, बायकांचं १२ बाय ८. पुरुषांचा एक डाव २० मिनिटांचा, बायकांचा १५ मिनिटांचा. बायकांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून आहे, पुरुषांच्या फक्त तीन वर्षं मागून. आशियाई स्पर्धांत मात्र पुरुषांची कबड्डी १९९० ला आली आणि बायकांची २०१०ला. मैदानाच्या मापाशी आत्याचं भांडण नाही. भांडण आहे त्या पाच मिनिटांशी. "आम्ही आधी दमतो हे ठरवलं कुणी? त्यानं कधी लावणी केलीय का दिवसभर, चिखलात वाकून?"

ठरवणारे जगभर एकाच जातीचे. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली, धावून आल्यावर काहीजणी दमलेल्या दिसल्या, म्हणून ती शर्यतच काढून टाकली. परत आली थेट १९६० ला. धावून आलेला पुरुष दमलेला दिसत नाही, असं त्या लोकांचं निरीक्षण असावं.

आत्याशी मी इथे थोडा वाद घालते. मुलगे आणि मुली यांच्यात फरकच करू नये, असं मला वाटत नाही. वेटलिफ्टिंगचा बार पुरुषांना २० किलोचा आणि २८ मिलिमीटर जाड, बायकांना १५ किलोचा आणि २५ मिलिमीटरचा. बाईचा पंजा लहान असतो, जाड बार तिच्या मुठीत बसत नाही, म्हणून हा फरक. तो केला की ती जास्त वजन उचलू शकते. कबड्डीतली पाच मिनिटं कापली तर ती जास्त काय करू शकते? कमी खेळू शकते, एवढंच. आत्याचं यावर म्हणणं असं की पंजाचं मला सांगू नकोस, विळा सगळ्यांना एकच असतो.

माझ्या शाळेची गोष्ट लहान आहे. ऐंशीचं दशक, लोणावळा. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम काढलं, योगाची प्रयोगशाळेत तपासणी करणारे ते पहिल्या काही माणसांपैकी, हे आम्हाला सामान्यज्ञानाच्या वहीत पाठ असायचं. देशोदेशीची माणसं शरीर समजून घ्यायला आमच्या गावात यायची. आमच्या पीटीच्या तासाला मुलांना चेंडू मिळायचा आणि मुलींना दोरी. दोरी एकच असायची. बाकीच्यांनी मैदानाच्या कडेला बसायचं, स्नेहसंमेलन जवळ आलं असेल तर पताका कापायच्या. पाळी असेल तर बाईंच्या कानात सांगायचं आणि बसायचं. नसेल तरी बसायचंच, त्यामुळे त्या सांगण्याला तसा काही अर्थ नव्हता. मला दोरी आवडायची नाही आणि पताका छान जमायच्या, म्हणून मी तेव्हा कुठलीही तक्रार केलेली नाही.

तक्रार करण्याजोगं खरं कारण आभाळात होतं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे तळं. आणि शालेय स्पर्धांची तालुका फेरी पडते ती साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे सराव करायचा तर छताखाली. छताखालची जागा शाळेत एकच असते: हॉल, किंवा हॉल नसेल तर व्हरांडा. ती कुणाला मिळते हे सांगायला नको. कोरड्या देशातल्या शाळेत मुली निदान मैदानाच्या दुसऱ्या टोकाला खेळतात. मावळात पावसाळ्यात दुसरं टोकच नसतं.

शिवाय तेच लावणीचे दिवस. जुलैत वर्गातली अर्धी बाकं रिकामी, आणि त्यात मुलींची जास्त. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जिल्हा आणि विभागाच्या फेऱ्या, तेव्हा कापणी. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेल्या इंद्रायणीनं आमच्या भागाला नाव आणि पैसा दिला, पण तीही कुणीतरी वाकून लावावी लागते. आणि दर संध्याकाळची एसटी. अहिल्याबाई होळकरांच्या नावानं खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळायला लागला, ही फार मोठी गोष्ट झाली. कितीतरी मुली त्या पासामुळे दहावीला पोचल्या. पण पास फुकट असला तरी गाडी तिच्या वेळेला सुटते. शाळा सुटल्यावर तासभर सराव केला की गेली. मुलगा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून घरी येतो. मुलीनं तसं आलेलं चालत नाही. बापानं न्यायला यायचं म्हटलं तर बापाची पाळी कंपनीत तळेगावला.

या सगळ्यातून वाट काढून कुणी पुढे जात असेल तर ते कसं, हे बघायला मला फार लांब जावं लागलं नाही. वडगाव मावळात बिहारीलाल दुबे यांनी वर्षानुवर्षं मुलांना वजनं उचलायला शिकवलं, मुलींनाही. हर्षदा गरुड तिथली. तिच्या वडिलांनी तरुणपणी हाच खेळ केलेला, म्हणजे लोखंड घरात परकं नव्हतं. २ मे २०२२ या दिवशी ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ती ४५ किलो वजनगटात उतरली. स्नॅचमध्ये ७० किलो, क्लीन अँड जर्कमध्ये ८३, एकूण १५३. रौप्यपदक मिळवणारी तुर्कस्तानची मुलगी १५०वर राहिली. त्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी हर्षदा पहिली भारतीय. मुलांतही तिच्या आधी कुणी नव्हतं.

त्या रात्री आमच्या घरात ते आकडे ज्या पद्धतीनं उच्चारले गेले, ते मी विसरणार नाही. आत्यानं मला फोन करून विचारलं, "त्र्याऐंशी म्हणजे भाताची किती पोती?" मी म्हणाले, पन्नासाचं एक आणि वर तेहतीस. "डोक्याच्या वर? हात ताठ करून?" हो. "आणि ती स्वतः पंचेचाळीसची?" हो. पलीकडे बराच वेळ हिशेब चालला होता. तिच्या आईनं वाहिलेल्या भाऱ्यांचा तो हिशेब होता, हे मला मागाहून तिच्याच बोलण्यातून कळलं. वेटलिफ्टिंगमध्ये ही एक गोष्ट मला फार मोठी वाटते. प्लेटवर आकडा छापलेला असतो, तीन पंच बसलेले असतात आणि दिवा पांढरा लागतो किंवा लाल. पुरुषांनी हे १८९६ च्या पहिल्या ऑलिम्पिकपासून केलं, बायकांना २००० सालापर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी सिडनीत कर्णम मल्लेश्वरीनं कांस्यपदक आणलं. पण एकदा बार हातात आल्यावर बाईनं किती उचललं यावर चर्चा करायला जागा राहत नाही.

हर्षदाच्या घरी खेळ आधीपासून होता आणि गावातच चांगला गुरू होता, हे विसरून तिचं उदाहरण देणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. सत्काराच्या भाषणांत "इच्छा असली की मार्ग सापडतो" असं म्हणून टाकलं की हॉल कुणाला दिला, सोबत कोण गेलं, शेवटची एसटी किती वाजता सुटली, यातलं काही बोलावं लागत नाही. आत्यालाही इच्छा होती. तिच्याकडे भावाचा शर्टसुद्धा होता.

माझी भाची सध्या मावळातल्याच एका शाळेत नववीला आहे, १७ वर्षांखालच्या कबड्डी संघात. शाळेत आता मुलींना ट्रॅकसूट आहेत, मुलांच्याच कापडाचे. खेळाच्या शिक्षिका आहेत, त्या स्वतः स्कूटी चालवत येतात आणि संघाबरोबर पुण्याला मुक्कामी जातात. आत्यानं हे ऐकलं तेव्हा त्या बाईंना एकदा घरी जेवायला घेऊन ये म्हणाली. हॉल मात्र अजून एकच आहे. पावसाळ्यात तो सगळे दिवस मुलांकडे असायचा, कुणी तसं ठरवलेलं नसताना. यंदा जूनमध्ये मुलींनी मुख्याध्यापिकांकडे अर्ज दिला: मंगळवार आणि गुरुवार, शाळा भरायच्या आधी एक तास, म्हणजे संध्याकाळच्या एसटीचा प्रश्नच नको. अर्जाचा मसुदा आत्यानं सांगितला होता आणि त्यात "विनंती" हा शब्द एकदाच होता.

मंगळवार मिळाला. गुरुवारी व्हॉलीबॉल असतो म्हणून तो दिला नाही. मुलींनी दुसरा अर्ज टाकला आहे. त्यावर व्हॉलीबॉलच्या तीन मुलांच्याही सह्या आहेत. पैकी एक माझ्या भाचीचा सख्खा भाऊ असल्यामुळे त्याची सही कितपत राजीखुशीची आहे, हे मला सांगता येणार नाही.